खड्डा आढळून आला नाही

दर जानेवारीत, दुसऱ्या रविवारी, हिवराळे बाई पक्षी मोजायला जायच्या. पडेगावच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. नाव सुलेखा, पण त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांच्या त्या बाईच. गळ्यात दुर्बीण, पिशवीत पाण्याची बाटली, दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पक्ष्यांची नावं लिहायची वही, एवढं घेऊन त्या गंगापूरच्या जीपमध्ये बसायच्या आणि कवडेवाडीच्या फाट्यावर उतरायच्या. तिथून तलाव अर्ध्या तासाच्या पायवाटेवर.

सरकारनं त्या तलावाला पाणथळ पक्षी क्षेत्र म्हणून जाहीर केलं, त्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. लोखंडी फाटक, तिकिटाची खिडकी, सिमेंटची चार बाकडी, एक उंच मनोरा आणि पक्ष्यांची चित्रं काढलेला फलक. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं डबे घेऊन यायची, पोरंसोरं मनोऱ्यावर चढायची, थंडीत परमुलखातून आलेले करकोचे बघून ओरडायची. बाईंना त्या ओरडण्याचा कधी राग आला नाही. माणसांनी पाणी बघावं, पाखरं बघावीत, त्यासाठीच तर ती जागा.

राग त्यांना दुसऱ्याच गोष्टीचा होता, आणि तो दोन महिने त्यांच्या पोटात निखाऱ्यासारखा होता.

ही गोष्ट दोन हजार एकोणीसच्या जानेवारीची. शहराचं नाव तेव्हा कागदोपत्री औरंगाबादच होतं. त्याच्या आदल्या सालात पावसानं पोळ्याच्या आधीच पाठ फिरवली. शहरात नळाला आठव्या दिवशी पाणी येई, तेही तासभर. पण पडेगावच्या रस्त्याला नव्या इमारतींचे मजले मात्र एकावर एक चढत होते आणि त्यांच्या कच्च्या भिंतींवर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं जात होतं. हे पाणी येतं कुठून, असा प्रश्न बाईंना पडला. एके सकाळी शेजारच्या बांधकामावर टँकर रिकामा होत होता. खाली सांडलेल्या पाण्यात त्यांना दोन गोगलगायी दिसल्या. विहिरीत किंवा बोअरमध्ये त्या जातीची गोगलगाय सापडत नाही; ती तलावाच्या उथळ पाण्यात राहते. बाईंनी त्या उचलल्या, काचेच्या बरणीत घातल्या आणि तडक कवडेवाडी गाठली.

तिथं बिरूनं त्यांना सगळं दाखवलं.

बिरू तलावाचा राखणदार. रोजंदारीवरचा. धनगराचा माणूस, आधी शंभर मेंढरं होती, मागच्या दुष्काळात ती विकली आणि ही काठी हातात घेतली. तिकीट फाडायचा, झाडायचा, आणि कुणी पाखरांना दगड मारला तर बापाच्या हक्कानं कान धरायचा. त्यानं बाईंना तलावाच्या मधोमध नेलं. पाणी आटत आटत मध्यभागी गोळा झालं होतं आणि तिथंच ठेकेदारानं मशीन लावून खड्डा खणला होता. एकावर एक तीन माणसं बुडतील एवढा खोल. उरलंसुरलं पाणी त्यात उतरायचं, आणि दिवस कलला की डिझेलचं इंजिन लावून टँकर भरले जायचे.

"मी रोज आडवा जातो, बाई," बिरू म्हणाला होता. "म्हणतो, ह्ये पाखरांचं पाणी हाय. ते हासतात."

दिवाळीच्या आदल्या दिवशी बिरू त्या खड्ड्यात मेलेला सापडला.

पंचनाम्यात लिहिलं, मयत दारूच्या नशेत तलावाच्या गाळात पडून मरण पावला. बिरूच्या गळ्यात माळ होती. त्यानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. हे त्याच्या बायकोनं, बानाबाईनं, पोलिसांच्या दारात बसून दिवसभर सांगितलं. कुणी लिहून घेतलं नाही. मग बाईंनी अर्ज केले. चार कचेऱ्यांना चार अर्ज. तीन ठिकाणांहून काही आलं नाही. चौथ्या ठिकाणाहून जे उत्तर आलं, ते त्यांना तोंडपाठ झालं होतं: 'सदर तलाव क्षेत्राची पाहणी केली असता तेथे कोणत्याही प्रकारचा खड्डा आढळून आला नाही.'

माणूस ज्यात मेला, ती जागाच नाही! बाईंनी तो कागद तीनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

तर त्या जानेवारीत पक्षी मोजायला निघताना बाईंनी मनाशी ठरवलं होतं, मोजणी करायचीच, पण खड्ड्याचे फोटोही काढायचे. चारी बाजूंनी. शेजारी, त्यासाठीच बरोबर घेतलेली काठी उभी करून, म्हणजे मापही कळेल.

दुपारी चारच्या सुमाराला त्या फाटकाशी पोचल्या. खिडकी बंद होती. नवा राखणदार नेमलाच नव्हता. फलकावरच्या करकोच्याच्या चित्रावर कुणीतरी भावी नगरसेवकाचा कागद चिकटवला होता. फाटकाच्या आत, बाभळीच्या सावलीत, घोंगडी पांघरून बानाबाई बसलेली होती.

"बानाबाई, तुम्ही इथं?"

"मंग कोण बसंल? फाटक उघडंच व्हतं." ती उठली. साठीच्या पुढची, काटक बाई. "रोज येते मी. झाडून काढते. पगार देतो म्हणलं न्हाई कुणी, अन्‌ जाय म्हणायलाबी कुणी आलं न्हाई."

बाईंनी येण्याचं कारण सांगितलं. बानाबाई खिन्न हसली.

"खड्डा कुठाय आता? बुजवला त्येंनी. मुरूम टाकला, वरनं रोलर फिरवला. तुमच्या अर्जाच्या भेवानं बुजवला बगा."

म्हणजे आपल्याच अर्जांनी पुरावा मिटला. त्या बाकड्यावर बसल्या.

"पर बाई," बानाबाई आवाज उतरवून म्हणाली, "पाखरं तिथंच बसतात."

"कुठं?"

"जिथं खड्डा व्हता तिथं. दिस बुडायच्या येळेला. मला एकटीला लई भ्या वाटतंय तिकडं जायला. आज तुमी हाव तर… चला."

ऊन कलल्यावर दोघी तलावात उतरल्या. तलाव कसला, भेगाळलेली जमीन. भेगा एवढ्या रुंद की पाऊल अडकावं. मध्ये मध्ये शिंपले, एखादी चप्पल, माशांचे वाळलेले सांगाडे. पाण्याचा एक थेंब नव्हता. वारा पडला होता. उत्तरेला दौलताबादचा डोंगर धुळीत पुसट झाला होता. बाईंना आपल्याच पावलांचा आवाज नकोसा वाटायला लागला.

अर्ध्या वाटेवर त्यांना वास आला. ओला वास. शेवाळाचा, गाळाचा, भरलेल्या तलावाच्या काठाला येतो तसा. बाई थांबल्या. त्यांनी वाकून माती मुठीत घेतली. कोरडीठाक.

"येतोय ना?" बानाबाई कुजबुजली. "मला वाटायचं, मलाच येतोय."

पुढं शंभर पावलांवर तो मुरमाचा तुकडा दिसला. पिवळट, गोल, दाबून सपाट केलेला, एखाद्या खळ्यासारखा. आणि त्यावर पाखरं होती. बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. सवयीनं मोजायला सुरुवात केली. चक्रवाक अकरा. तुतवार सहा. शेकाट्या…

त्यांची मोजणी तिथंच थांबली.

शेकाट्या म्हणजे लांब, काडीसारख्या लाल पायांचा पक्षी. बाईंनी हजारदा पाहिलेला. या शेकाट्यांचे पाय अर्धेच दिसत होते. गुडघ्याच्या खाली काही नव्हतं, फक्त मुरूम. एकानं पाऊल उचललं, तेव्हा उरलेला पाय मुरमातून वर आला, लाल, चकचकीत, आणि त्याच्या बोटांवरून पाणी निथळलं. पलीकडे चक्रवाक बसलेले नव्हते. ते तरंगत होते. हळूहळू, एका जागी डुलत. एकानं मान खाली घातली, ती जमिनीत गेली आणि चोचीत शेवाळ घेऊन वर आली.

"बाई… काय दिसतंय?"

बाईंनी दुर्बीण तिच्या हातात दिली. शास्त्राच्या बाई त्या; प्रत्येक गोष्टीला कारण असतं हे त्यांनी हजारो पोरांना सांगितलं होतं. मृगजळ म्हणावं तर ऊन उतरलं होतं. त्यांनी मोबाइल काढला, चित्रीकरण सुरू केलं, आणि तेवढ्यात मागून मोटरसायकलचा आवाज आला.

बद्रीनाथ होता. ठेकेदाराचा मुकादम. तिशीचा, अंगानं भरलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. टँकर भरायला माणसं लावायची, ती त्यानंच. मनोऱ्यावरून कुणी तरी त्यांना पाहिलं असावं, किंवा फाट्यावरच्या चहावाल्यानं फोन केला असावा.

"नमस्कार मॅडम. कशाचे फोटो चालू हायेत?"

"पाखरांचे."

"पाखरांचेच ना? मंग काढा की. मला वाटलं, खड्ड्याचे." तो हसला. "खड्डाबिड्डा काय नाय इथं. सायबांनी लेखी दिलंय तुमाला. कामून खामखा म्हातारीला घेऊन फिरताय?"

"बिरूभाऊ कशात बुडाला मग?" बाईंचा आवाज चढला. "हवेत?"

"प्यालेला माणूस बादलीतबी बुडतो."

बानाबाईनं मान वर केली. बाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि त्यांना वाटलं, हे ऐकण्यापेक्षा थोबाडीत खाल्लेली बरी.

"काढा फोटो," बद्रीनाथ म्हणाला. "मी उडवतो पाखरं, म्हंजे जमीन चांगली दिसंल. सपाट."

त्यानं टाळ्या वाजवल्या. पाखरं हलली नाहीत. त्यानं एक ढेकूळ उचलून भिरकावलं. ते मुरमावर पडलं आणि आवाज आला, डुब्‌. खोल पाण्यात पडतो तसा. ढेकूळ दिसेनासं झालं. पाखरं वर-खाली डुलली, आणि मग शांत झाली.

बद्रीनाथचं हसू क्षणभर थिजलं. मग, बायकांसमोर भ्यालो असं दिसू नये म्हणून असेल, तो तरातरा चालत निघाला.

"जाऊ नका!" बाई ओरडल्या. "बद्रीनाथ, थांबा!"

मुरमाच्या कडेवर त्यानं पाय ठेवला, तो घोट्यापर्यंत गेला. दुसरा पुढं टाकला, तो मांडीपर्यंत. पाखरं एकदम उडाली, शेकडो पंखांचा फडफडाट, आणि त्यांच्या पायांवरून उडालेलं पाणी बाईंच्या तोंडावर पडलं. थंडगार. डोळे पुसून त्यांनी पाहिलं, तर बद्रीनाथ छातीपर्यंत जमिनीत होता. भोवती मुरूम तसाच घट्ट, कोरडा. त्याच्या हातांचे तळवे त्यावर आपटत होते आणि चपाक-चपाक आवाज येत होता.

"पाणी हाय… मॅडम, पाणी हाय इथं! थंड… पाय लागंना…"

बाई धावल्या. बानाबाईनं त्यांना दंडाला धरून मागं ओढलं. मग ती स्वतः कडेपर्यंत गेली, खाली बसली आणि काठावर हात फिरवून पाहिला. अंगावरची घोंगडी काढली, तिला पीळ दिला. पण फेकली नाही.

"मामी, टाका! टाका ना!"

"आदी सांग," बानाबाई म्हणाली. आवाज अगदी हळू, पण हलत नव्हता. "खड्डा हाय का नाय?"

"हाय! हाय खड्डा!"

"कुणी खणला?"

"आमीच… ठेकेदारानं… मी हुबा राहून खणला…" त्याच्या तोंडात काहीतरी गेलं. तो खोकला आणि त्याच्या ओठांतून हिरवट पाणी आलं. "ते इंजिन बंद करा आदी! इंजिन कुणी लावलंय? वढतंय मला खाली!"

कुठंच इंजिन नव्हतं. बाईंना काही ऐकू येत नव्हतं. पण टाचांखाली जमीन थरथरत होती, एका लयीत, धग… धग… धग…

"माजा माणूस प्यालेला व्हता का?"

"नाय! पाइप उपटायला गेला अन्‌ घसरला… हात मागत व्हता… माजं नाव घेऊन मागत व्हता…"

"मंग?"

बद्रीनाथ रडायला लागला. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं असावं, कारण मान मागं टाकून तो आभाळाकडं बघत बोलत होता.

"टँकर अर्धा भरला व्हता. इंजिन बंद केलं तर पुन्यांदा लवकर चालू होईना, म्हून… मी म्हणलं, येवढा भरू द्या… मंग काढू… येवढा टँकर भरू द्या…"

एक टँकर! माणूस हात मागतो आणि हे उभे राहतात, कच्च्या भिंतींवर मारायचं पाणी भरत. त्या क्षणी, खरं सांगायचं तर, त्यांना वाटलं की जाऊ दे याला. जाऊ दे खाली. हा विचार आपल्या मनात आला होता, हे त्यांनी पुढं कधी लपवलं नाही.

बानाबाई हलली नाही. दहा आकडे मोजावेत एवढा वेळ ती बसून राहिली. बद्रीनाथचं नाक बुडालं. नुसते हात वर राहिले, बोटं उघडझाप करत.

तेव्हा तिनं घोंगडी टाकली.

"धरा बाई मागनं," ती म्हणाली. "मला न्हाई जमायचं ह्येच्यासारखं."

दोघी म्हाताऱ्या बायका आणि नव्वद किलोचा माणूस. बाई टाचा रोवून मागं रेलल्या. घोंगडीचे केस तळव्यांत रुतले. एकदा, दोनदा काहीच हललं नाही. मग अचानक तो असा वर आला की दोघी उताण्या पडल्या. बद्रीनाथ त्यांच्या पायाशी पालथा पडून ओकत होता. कपड्यांतून पाणी वाहत होतं, केसांत शेवाळ होतं, बोटांत गाळ. मागं मुरमाचा तुकडा होता तसाच. बाईंनी त्यावर काठी आपटली. ठक्क आवाज आला.

पुढं जे झालं, ते आधी सांगून टाकतो. मोबाइल बाईंच्या हातातून पडला होता, पण चालू होता. सुरुवातीला दूरची पाखरं ठिपक्यांएवढी, पुढं चित्र नुसतं आभाळाचं, आवाज मात्र स्वच्छ. तो आवाज घेऊन बाई पोलिसांकडं गेल्या. बानाबाईसारख्या दारात बसून राहिल्या नाहीत. आत जाऊन टेबलावर मोबाइल ठेवला आणि म्हणाल्या, शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय मी उठणार नाही. ठेकेदाराचे दोन वकील आले, एक पुढारी आला. तरीही गुन्हा नोंदवावा लागला. 'दारूच्या नशेत' हे शब्द बिरूच्या कागदावरून निघाले. टँकर बंद झाले. मुरूम उकरला तेव्हा बाई आणि बानाबाई दोघी काठावर उभ्या होत्या. वीस फुटांपर्यंत खाली गेले. ओल म्हणून कुठं नव्हती. खड्ड्याच्या जुन्या कडा मात्र दिसल्या, मशीनच्या दातांच्या खुणांसकट, आणि साहेबांना तिथं उभं राहून लिहावं लागलं की खड्डा आढळून आला.

बद्रीनाथ त्याच्या आधीच, पोलिसांच्या पहाऱ्यात, शहरातल्या दवाखान्यात होता. छातीत पाणी झालं होतं. आठव्या दिवशी त्यानं निरोप पाठवला, मॅडमला आणि मामीला भेटायचंय. बानाबाई जायला तयार नव्हती. शेवटी बाईंसाठी आली आणि खाटेपासून चार हात लांब उभी राहिली.

तो खंगला होता. नळ्या लावलेल्या. दिवसाउजेडी खोलीतला दिवा चालू ठेवायला लावला होता.

"जबाबात मी समदं सांगितलं," तो म्हणाला. "येक गोष्ट सोडून. ती त्येंनी लिवलीच नसती."

"कोणती?" बाईंनी विचारलं.

"तुमी दोघी वरनं वढत व्हत्या. पर मी तुमच्यानं निघालो नाय, मॅडम. मला खालनं लोटलं. उजव्या पायाखाली खांदा आला… माणसाचा खांदा. त्यानं उचललं."

बानाबाई दोन पावलं पुढं आली.

"त्येच असत्याल," ती म्हणाली. "गाळात फसलेली मेंढी असंच काढायचे. खाली शिरून, खांद्यानं." पदर तोंडाला लावून ती प्रथमच रडली, आणि बाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. ज्यानं हात दिला नाही, त्याला बिरूनं खांदा दिला होता.

"व्हय मामी. तो खांदा त्येंचाच असंल," बद्रीनाथ म्हणाला. मग त्यानं घाबऱ्या नजरेनं दाराकडं पाहिलं आणि आवाज अगदी बारीक केला. "पर डाव्या पायाला… दुसऱ्याचे हात व्हते. दोन. लहान. पोटरीला घट्ट धरून वर लोटत व्हते."

"दुसऱ्याचे? कुणाचे?"

"मला ठाव नाय. आईची आन, खड्डा खणल्यापासनं बिरूबिगर कुणीच पडलं नाय तिथं; त्याच्या आदी तळ्यात कोण बुडालं आसंल, द्येव जाणे." त्यानं पांघरूण बाजूला केलं. डाव्या पोटरीवर बारीक चिरा होत्या. अर्धगोल. एकाखाली एक, दोन्ही बाजूंना. आठ दिवस होऊनही त्या ओल्याच होत्या.

बाईंनी वाकून पाहिलं. काच लागल्यावर पडतात तशा चिरा.

"बांगड्या व्हत्या, मॅडम," बद्रीनाथ म्हणाला. "खाली काळाकुट्ट अंधार व्हता, दिसलं काय नाय. पर… वाजत व्हत्या."